पेवातला आवाज

हरिपुरात विजयच्या घरची पेवं जिथं होती ती जागा आता सपाट आहे. पत्र्याचं कुंपण, आत मुरूम, मुरमावर तीन-चार गाड्या उभ्या. महापुराचं पाणी पेवांत शिरलं, जमीन आतून खचली आणि मग ती बुजवली, याला बरीच वर्षं झाली. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मी तिथं गेलो तेव्हा एका गाडीच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. वाऱ्यावर हळदीचा वास आला. पलीकडं एक गोदाम आहे, वास तिथला, याची मी कुंपणाला वळसा घालून खात्री करून घेतली. परत येऊन उभा राहिलो तरी तो पायाखालून येतोय असंच वाटत राहिलं.

पेव म्हणजे काय, हे सांगली सोडली की समजावून सांगावं लागतं. हळद ठेवण्यासाठी जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट मोठं, रांजणासारखं. भिंती शेणानं सारवलेल्या, कडेनं पाल्याचं अस्तर. तोंडावर दगडी फरशी, फरशीवर माती. वरून चालणाऱ्याला खाली काही आहे याचा पत्ता लागत नाही. आत हळद वर्षानुवर्षं राहते, रंग सोडत नाही.

आमच्या बँडचा दुसरा अल्बम अशा एका रिकाम्या पेवात झाला.

बँडचं नाव तिठा. विजय गिटार वाजवायचा. त्याच्या वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती. ड्रमवर मिरजेचा सलीम. मी साताऱ्याचा, बास गिटार माझ्याकडं. पहिला अल्बम आम्ही कॉलेजात असताना केला. तो गाजला, म्हणजे सातारा-सांगली रस्त्यावर जेवढं गाजता येतं तेवढा गाजला. गॅदरिंगला वाजला, गणपतीच्या मंडपात वाजला, कराडच्या स्टँडवर एका रसवंतीत मी तो घुंगरांच्या तालावर ऐकला. त्यात गाणारा मुलगा पुढं नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि आम्ही बिनआवाजाचे झालो.

मग बिरू आला.

बिरू माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढच्या एका गावचा. घरची मेंढरं. पावसाळा सरला की त्याचं घरदार कळप घेऊन कृष्णाकाठाकडं निघायचं आणि उन्हाळा संपता संपता परतायचं. शिक्षणासाठी तो साताऱ्यात वसतिगृहात राहायचा. त्याला मी पहिल्यांदा ऐकलं ते गाताना नव्हे. गावावरच्या टेकडीवर, चार भिंती म्हणतात त्या स्मारकाच्या उतारावर काही मुलं बसली होती आणि हा खालच्या वळणावरच्या मित्राला हाक मारत होता. हाक लांबली, वळली, आणि खालच्या माणसानं मान वर केली. ओरडल्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाज जणू हातानं नेऊन त्या माणसाजवळ ठेवला होता.

"गातोस का?" मी विचारलं.

"मेंढरांफुडं गातो," तो म्हणाला. "त्यांची तक्रार न्हाई अजून."

आम्ही त्याला सांगलीला नेलं. विजयच्या घरी माळ्यावर खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकीला घोंगडी. त्या खोलीत बिरूचा आवाज मेला. मोठ्यानं गायला की माईक फाटायचा, हळू गायला की कुणीतरी दुसराच गातोय असं वाटायचं. तो भिंतीकडं बघायचा आणि थांबायचा.

"काय झालं?" विजय विचारायचा.

"हितं आवाज टाकायचा कुठं? लगीच भिंत येती."

पेवाची कल्पना विजयची. लहानपणी त्यानं आत उतरलेल्या हमालांच्या हाका ऐकल्या होत्या. ते खालून "ओढ" म्हणायचे आणि तो शब्द वर येईपर्यंत गोल गोल फिरून मोठा झालेला असायचा. त्या वर्षी एक पेव रिकामं होतं. बिरूला आत उतरवायचं, एक माईक मध्यावर लोंबकळत ठेवायचा, दुसरा वर तोंडाशी. आम्ही वाजवलेलं त्याच्या कानात, आणि त्याचा आवाज पेवाच्या पोटात.

डोंगरावर वाढलेल्या माणसाला आम्ही जमिनीखाली गायला बसवलं. त्या वेळी हे कुणाच्या मनात आलं नाही. बिरूच्या मनात आलं असेल तर तो बोलला नाही.

त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते बहुतेक वास आणि आवाज आहेत. पेव उघडताना फरशीखालची माती ओली असायची. फरशी सरकली की पहिल्यांदा एक कोंदट, गरम वाफ यायची, तिच्यामागून हळद. त्या पेवात कितीतरी वर्षं हळद राहिली होती आणि भिंतींनी ती पिऊन घेतली होती. संगमाकडून देवळाची घंटा यायची. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जायच्या, त्यांच्या मागं पडलेली कांडी गोळा करणाऱ्या पोरांची भांडणं यायची. वीज ठरलेल्या वेळी जायची आणि ठरलेल्या वेळी येत नसे. वीज नसली की आम्ही चिंचेखाली भडंग खात बसायचो. सलीम मांडीवर ताल धरायचा. बिरू गवताची काडी चावत नदीकडं बघायचा आणि या पाण्याला आपली मेंढरं कुठं भेटतात ते सांगायचा.

पेव उघडलं म्हणजे लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा माणसाच्या कामाची नसते. तोंड उघडं ठेवून तासन् तास थांबतात. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. तळाशी जाऊन कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर पेव तसंच उघडं ठेवून सगळे घरी जातात. आम्हीही तसंच केलं. रोज सकाळी कंदील खाली जायचा आणि आम्ही चौघं तोंडाभोवती पालथे पडून त्या ज्योतीकडं बघायचो. ती बारीक झाली की कुणी बोलायचं नाही. स्थिर राहिली की विजय म्हणायचा, "चल मर्दा, स्टुडिओ उघडला."

बिरूची एकच अट होती. तो खाली असेपर्यंत कुणीतरी तोंडाशी पाय सोडून बसायचं.

"का रं?" सलीमनं एकदा विचारलं.

"आरं, वर बघितलं की नुसतं गोल आभाळ दिसतं. पाय दिसलं की बरं वाटतं. माणूस हाय म्हनून."

माझं वाजवून आधीच झालेलं असायचं, म्हणून बहुतेक वेळा पाय माझे असायचे. दुपारच्या गाण्याला मांड्यांना मुंग्या यायच्या. खालून सूर यायचा, तळव्यांना लागायचा आणि मग कानांना. तो क्रम मला अजून आठवतो.

गाणी सात झाली. एका गाण्यात फक्त गावं होती. म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, आणि त्यांच्यामधली माळरानं, विहिरी, ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याचं नाव. मुक्कामामागून मुक्काम, बाकी काही नाही. विजयनं विचारलं होतं, याला कडवं कुठाय, धृपद कुठाय. बिरू म्हणाला, "वाटंला कुठं धृपद असतंय?" ते गाणं आम्ही शेवटी ठेवलं. अल्बमचं नावही दुसरं सुचलं नाही, 'पेव' असंच ठेवलं.

अल्बम आला आणि तो कुणाला आवडला नाही.

साताऱ्याच्या स्टँडजवळच्या सीडीवाल्यानं मला हाक मारून थांबवलं. "ते तुमचं नवीन," तो म्हणाला, "गिऱ्हाईक माघारी आणतंय. आवाज लांबनं येतोय म्हणत्यात. कॉपी बदलून द्या." मी त्याला सांगितलं की ते तसंच आहे. त्यानं सीडी उलटी करून उन्हात धरली, ओरखडा शोधला, मिळाला नाही. "मग तुमीच असं केलंय व्हय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. सांगलीत एका गॅदरिंगला आम्ही नवी गाणी वाजवली तेव्हा मागच्या रांगांतून पहिल्या अल्बमची फर्माईश सुरू झाली आणि ती थांबेना. साताऱ्याच्या एका दैनिकात चार ओळी आल्या. गायकाचा आवाज दूरवरून आल्यासारखा वाटतो, असं त्यात होतं. त्याच दैनिकात मी पुढं उपसंपादक झालो. त्या चार ओळींत चुकीचं काही नव्हतं.

बिरू एक सीडी गावी घेऊन गेला. आल्यावर विजयनं विचारलं, घरच्यांना कसं वाटलं.

"म्हातारीनं ऐकलं," तो म्हणाला. "ऐकता ऐकता माजं मनगाट धरून बसली हुती. सोडंना."

आम्ही हसलो. तोही हसला.

पुढच्या उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या, कळप माणकडं वळले आणि बिरू गेला. तो वारल्याची बातमी आम्हाला तिसऱ्या दिवशी कळली. तिठा तिथंच संपला. कुणी तसं जाहीर केलं नाही. सलीम आखातात नोकरीला गेला. विजयनं अडत भावाकडं सोपवून स्पीकर-अॅम्प्लिफायरचं दुकान टाकलं. मी दैनिकाच्या सातारा कार्यालयात रुजू झालो आणि इतरांच्या बातम्या कापायला लागलो.

वीसेक वर्षं 'पेव' कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. मग कुणीतरी तो इंटरनेटवर चढवला. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं मला फोनवर दाखवलं. हजारो लोकांनी तो ऐकला होता. खाली मुलं लिहीत होती की हा अंधार आहे, मराठीत असं कधी झालंच नव्हतं. एकानं विचारलं होतं, ही इको कुठल्या सॉफ्टवेअरची. मी ते सगळं वाचलं. उत्तर दिलं नाही.

दिवाळीनंतर पुण्याहून ऋतुजा नावाच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिचे दोन मित्र जुनी, विसरलेली गाणी नीट करून पुन्हा प्रसिद्ध करतात. त्यांना 'पेव' काढायचा होता. विजयची हरकत नव्हती, सलीमनं तिकडून अंगठा पाठवला होता. माझं काही म्हणणं नव्हतं. "पण गायकाच्या घरच्यांची परवानगी हवी," ती म्हणाली. "ती मिळाल्याशिवाय आम्ही पुढं जाणार नाही. तुम्ही विचाराल का, काका?"

मी विचारतो म्हणालो. अशी कामं मला येतात.

बिरूच्या गावाला जाणारा रस्ता आता डांबरी आहे. दोन्ही बाजूंना माळ, मधेच पवनचक्क्या. घरी त्याची आई एकटी होती. धाकटा मुलगा मुंबईत, सून-नातवंडं तिकडंच. दोन शेळ्या अंगणात बांधलेल्या. तिनं मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा खालून वरपर्यंत बघितलं.

"पेटी वाजवायचास का तारा?"

"तारा. जाड्या तारा, मावशी."

"हां. त्यो सांगायचा. बस."

मी बसलो. तिनं पाणी दिलं, मग गुळाचा चहा. मी कामाचं बोललो. पुण्याची मुलं, गाणी, परवानगी. ऋतुजाचा शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगितला. ती शेळीकडं बघत ऐकत होती.

"त्येच ना, खड्ड्यातलं?"

"पेवातलं."

"त्येच. धाकट्यानं मागं लावलं हुतं त्येच्या फोनवर. मी बंद कर म्हणलं. पयल्यांदा ऐकलं तवा बिरू माज्याशेजारी बसला हुता. मनगाट धरून बसले त्येचं. म्हणलं, आवाज खाली हाय तर हाय, पोरगं तर हितं हाय. आता कुणाचं धरू?"

मी चहाचा कप खाली ठेवला. 

"वाट बरुबर सांगतो त्यो," ती म्हणाली. "म्हसवडापासनं. एक मुक्काम चुकला न्हाई. पर सांगतोय कुठनं? जमिनीखालनं सांगतोय. तुमी लोकांनी त्येला खाली घातला आन आवाज तितंच ठिवला. तुमाला दुसरा आवाजच न्हाई त्येचा?"

पहिल्या अल्बमात बिरू नव्हता. फोनमध्ये आवाज साठवायचे ते दिवस नव्हते. घरात त्याचा एक फोटो होता, दहावीचा, ओळखपत्रासाठी काढलेला. ज्या आवाजाला एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायची सवय होती, त्याचं जगात जे काही उरलं होतं ते सगळं पेवाच्या पोटातलं होतं.

"त्येला वर काढा की रं," ती म्हणाली. "मग लावा कुटं लावायचं त्ये."

मी सांगलीला गेलो.

विजयचं दुकान बाजार समितीच्या रस्त्याला आहे. दारात मंडळांचे मोठे स्पीकर रचलेले असतात आणि आत विजय त्यांच्यासारखाच रुंद होऊन बसलेला असतो.

"काय मर्दा, वीस वर्षांनी आठवण झाली होय?"

"गेल्या दिवाळीत येऊन गेलो की."

"ते जेवायला आलेलास. मी गाण्याचं म्हणतोय."

मी त्याला बिरूच्या आईचं बोलणं सांगितलं. त्यानं हातातली सोल्डरगन खाली ठेवली. म्हणाला, "घुमारा काढता येतो आता. प्रोग्रॅम आहेत."

जुनी हार्ड डिस्क पुरातून वाचली होती, कारण ती त्या वेळी माळ्यावरच्या गादीच्या खोलीत होती. विजयनं तीवरचं सगळं नव्या संगणकावर घेतलं. त्यानं गावांचं गाणं लावलं, घुमारा थोडा काढला, अजून थोडा, मग सगळा. शेवटी जे उरलं ते आम्ही दोघांनी ऐकलं. आवाज जवळ आला होता, पण तो कुणा कारकुनानं यादी वाचल्यासारखा वाटत होता. बिरू पेवाच्या भिंतींवर आवाज टाकून त्याच्याच परतण्यावर पुढचा सूर ठेवत होता. भिंती काढल्यावर त्याच्यातलं काहीतरीही निघून गेलं.

"हा बिरू नव्हे," विजय म्हणाला आणि बंद केलं.

मग आम्हाला वरच्या माईकची आठवण झाली. तोंडाशी ठेवलेला तो माईक सकाळी सुरू व्हायचा तो वीज जाईपर्यंत चालायचा. त्याच्यातलं आम्ही जवळजवळ काहीच वापरलं नव्हतं. फायली होत्या, नावं नव्हती. दुकानाचं शटर अर्धं ओढून दोन दुपारी आम्ही त्या ऐकत बसलो.

त्यात आमचे ते दिवस जसेच्या तसे होते. कावळे, घंटा, ट्रॉल्यांची घरघर, कांडीवरून भांडणारी पोरं. ती पोरं आता संसाराला लागली असतील. चिंचेत वारा शिरला की माईकवर बारीक खरखर. मधेच कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी विजयला विचारलं, हा कोण. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तू," तो म्हणाला.

हरिपूरची ती जागा बुजली, तो वास, ते झाड, तो कंदील कुठं गेला माहीत नाही. पण ती हवा इथं फिरत होती, आणि तिच्यात चार माणसं पुढं काय होणार हे माहीत नसल्यासारखी बोलत होती. विजय मधेच उठून दारात जाऊन उभा राहायचा. मग परत यायचा आणि म्हणायचा, "लाव."

दुसऱ्या दुपारी बिरू सापडला. पेवातला नव्हे, वरचा. माईकपासून हातभर अंतरावर बसून बोलत असावा. आवाजाला कसलाही घुमारा नव्हता. त्याच्यामागं उघडं रान होतं.

"लगीनघराचा वास येतोय रं हितं," तो म्हणत होता. "समदं अंग पिवळं झालंय माजं. नवरी कुठाय?"

"तुझी आई बघील नवरी," हा विजय, वीस वर्षांपूर्वीचा. "तू गाणं बघ."

हसणं. मग सलीम: "अरे जेवून घे आधी. उपाशी काय गाणार तू."

"व्हय, जेवतो."

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज. मग बराच वेळ कावळे आणि वारा. आणि मग पुन्हा तो, उभा राहून बोलल्यासारखा:

"कंदील जळतोय न्हवं? उतरू का?"

तिथं फाईल संपत होती. वीज गेली असणार.

मी ती माझ्या फोनवर घेतली आणि पुढच्या आठवड्यात माणला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी सांगितलं की गाणं नाही, नुसतं बोलणं आहे, थोडंच आहे, पण वरचं आहे. तिनं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले. मी फोन पायरीवर ठेवला आणि लावला.

लग्नघराच्या बोलण्याला ती हलली नाही. विजयनं नवरीचं म्हटल्यावर म्हणाली, "बघितली हुती. विट्याकडची." बिरू हसला तेव्हा तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग कावळे, वारा. त्या मोकळ्या जागेतही ती मान कलती करून ऐकत होती.

"उतरू का?" बिरूनं विचारलं.

"नगं," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं, सहज. मग फोनकडं बघत राहिली. काही आलं नाही.

"परत लाव."

मी लावलं. ती पुन्हा त्याच जागी म्हणाली, नगं. या वेळी जरा मोठ्यानं. शेळीनं मान वर केली.

"त्ये शेवटचं निगतंय का?" तिनं विचारलं.

"कुठलं?"

"इचारतोय त्ये. उतरू का म्हनून. त्येवडं काढता येतंय?"

येतं, मी म्हणालो. माझी सगळी नोकरी कापण्यात गेली. बातमी मोठी झाली की ती खालून कापतात. पण माणसाचं बोलणं असं कापायचं नाही की त्याचा अर्थ फिरेल, हा आमच्या टेबलावरचा पहिला नियम. तो मी नव्या मुलांना शिकवतो. मी फोन हातात घेतला, शेवटची जागा शोधली, आणि कंदिलाच्या आधी फाईल कापली.

"मूळचं ठेवू का?" मी विचारलं.

"कशाला?"

मी मूळचं पुसलं. विजयला संध्याकाळी फोन करून त्याच्याकडचंही पुसायला सांगितलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

ती म्हणाली, "त्या पुण्याच्या पोरीला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"न्हाई म्हनून सांग. लोकं ऐकत्यात तर ऐकू देत, त्यांचं हात धरायला मी जाणार न्हाई. पर माज्या तोंडानं व्हय म्हणणार न्हाई. त्येला खाली ठिवा म्हनून मी कसं सांगू?"

"सांगतो," मी म्हणालो. ऋतुजाला मी त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, काका, मग नाही काढत.

पण ते नंतर. त्या सकाळी मी कापलेली फाईल तिच्या धाकट्या मुलाच्या जुन्या फोनवर घातली. कुठं बोट लावायचं ते तिला दाखवलं. तिनं दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा जमलं. लग्नघर, नवरी, हसणं. सलीमचं जेवून घे. बिरूचं व्हय, जेवतो. डब्याचं झाकण. कावळे, वारा, आणि संपलं.

ती फोन मांडीवर घेऊन बसली. ऊन पायरीवर आलं होतं.

"काय हुतं रं डब्यात?" तिनं विचारलं.

मला आठवत नव्हतं. तो दिवस कुठला, डबा कुणाचा, हेही मला माहीत नव्हतं. खात्री नसलेली गोष्ट मी आजवर छापलेली नाही.

"भाकरी," मी म्हणालो. "आणि शेंगदाण्याची चटणी."

"कांदा?"

"कांदापण होता."

"मग जेवला आसंल पोटभर," ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप पुढं ओढलं.